उत्तर कोणी द्यायचे? वाचकांचे प्रश्न

या वेळी सीमाभागातून आलेल्या पत्रांत पैशाच्या अडचणीची पत्रे जास्त आहेत. गावे वेगळी, हातावरचे व्यवसाय वेगळे, पण तक्रार बहुतेकांची एकच : वेळेवर कोणी सांगितले नाही आणि आता विचारायला गेले तर कोणी उत्तर देत नाही. त्यांतले पाच प्रश्न येथे घेतले आहेत. पत्रलेखकांची नावे त्यांच्या इच्छेवरून छापलेली नाहीत, आणि संस्थांची नावे आम्ही वगळली आहेत.

प्रश्न (शहापूर, बेळगाव) : माझे यजमान निवृत्त झाल्यावर मिळालेली सर्व रक्कम आम्ही एका सोसायटीत मुदत ठेव म्हणून ठेवली. व्याज बँकेपेक्षा तीन टक्क्यांनी जास्त होते. सोसायटीची अर्धे पान जाहिरात वर्तमानपत्रात येत असे, वर्धापनदिनाला पुरवणी निघे आणि तिच्या व्यासपीठावर सगळ्या पक्षांचे पुढारी बसलेले दिसत. मुदत संपून दीड वर्ष झाले, पैसे नाहीत. पिग्मी, म्हणजे रोजची छोटी बचत, गोळा करायला येणारा मुलगा यायचा थांबला तेव्हा आम्हांला शंका आली. वर्तमानपत्रात तोवर एक ओळ नव्हती. वर्तमानपत्राला जाब विचारता येतो का?

उत्तर : आधी पैशांविषयी लिहितो, कारण वर्तमानपत्राला विचारलेला जाब कितीही रास्त असला तरी त्यातून ठेव परत येत नाही. सोसायटी आणि बँक यांत एक मोठा फरक आहे आणि तो सोसायटीच्या दारावरच्या पाटीवर कधी लिहिलेला नसतो. बँक बुडाली, मग ती सहकारी का असेना, तर ठेव विमा महामंडळाकडून प्रत्येक ठेवीदाराला पाच लाख रुपयांपर्यंतची रक्कम मिळते. ही मर्यादा फेब्रुवारी २०२० पर्यंत एक लाखच होती. त्याआधी चारच महिने, सप्टेंबर २०१९ मध्ये, पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी बँकेच्या खातेदारांना सुरुवातीला केवळ हजार रुपये काढण्याची मुभा मिळाली होती आणि ते मुंबईत रस्त्यावर उतरले होते. मर्यादा वाढली ती त्या आक्रोशानंतर. पतसंस्था, सौहार्द सहकारी किंवा बहुराज्य सोसायटी यांच्या ठेवींना हा विमा लागू नाही. रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर २०२१ मध्ये जाहीर सूचना काढून हेच सांगितले होते, आणि अशा संस्थांनी नावात ‘बँक’ हा शब्द वापरणे कायद्याला धरून नाही हेही बजावले होते. ती सूचना किती ठेवीदारांच्या वाचनात आली असेल, याचा अंदाज आपणच करावा.

आता आपली ठेवपावती बाहेर काढा आणि तिच्यावर नोंदणी क्रमांकाजवळ कोणत्या कायद्याचे नाव छापले आहे ते पाहा. ‘कर्नाटक सहकारी संस्था अधिनियम १९५९’ असे असेल तर आपला अर्ज जिल्ह्याच्या सहकार उपनिबंधकांकडे जाईल आणि त्यात कलम ६४ खाली चौकशीची मागणी करता येईल. ‘सौहार्द अधिनियम १९९७’ असे असले तर कायदा वेगळा, निबंधक मात्र राज्याचाच. ‘बहुराज्य सहकारी संस्था अधिनियम २००२’ असे असेल तर मात्र निबंधक थेट दिल्लीत. सीमाभागातल्या ठेवीदाराची खरी गोची येथे होते. मुख्य कचेरी बेळगावात आणि काही सभासद महाराष्ट्रातल्या चंदगड-गडहिंग्लजकडचे, एवढ्यावर संस्थेला बहुराज्य नोंदणी घेता येते, आणि तशी ती घेतली की बेळगावचा उपनिबंधक म्हणतो ‘आमच्याकडे नाही’, कोल्हापूरचा म्हणतो ‘आमच्याकडेही नाही’. ज्या सीमेने आपल्या दोन पिढ्यांचे राजकारण अडवून ठेवले, तिचा असा सोयीस्कर उपयोगही कोणी करून घेतला, हे नमूद करून ठेवले पाहिजे. ऑगस्ट २०२३ च्या दुरुस्तीने या बहुराज्य संस्थांसाठी सहकारी लोकपालाची तरतूद झाली आहे. ठेवीविषयीच्या तक्रारीचा निवाडा त्याने तीन महिन्यांत करायचा आहे. तक्रार लेखी आणि पावत्यांच्या प्रतींसह करावी. एका कुटुंबाच्या चार पावत्या असतील तर प्रत्येकीचा उल्लेख स्वतंत्र करावा. फसवणुकीचा संशय असल्यास कर्नाटकाच्या २००४ च्या ठेवीदार हितसंरक्षण कायद्याखाली मालमत्ता जप्त करण्याचा आणि विशेष न्यायालयाचा मार्ग आहे. तो लांबचा आहे, पण संचालकांची जमीन आणि घरे विकली जाण्यापूर्वी तो धरावा लागतो, हे ध्यानात असू द्या.

सोसायटीचे लेखापरीक्षण अहवाल मागितले तर ‘आम्ही माहिती अधिकाराखाली येत नाही’ असे उत्तर आपल्याला मिळेल, आणि ते अर्धे खरे आहे. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०१३ मध्ये केरळातल्या थलप्पलम सहकारी बँकेच्या प्रकरणात असा निर्णय दिला की सरकारचा मोठा पैसा नसलेली सहकारी संस्था ही ‘सार्वजनिक प्राधिकरण’ ठरत नाही. पण त्याच निकालात हेही आहे की निबंधकाला कायद्याने जी माहिती संस्थेकडून घेता येते, ती निबंधकाकडे मागता येते. म्हणून अर्ज सोसायटीच्या काउंटरवर देण्याऐवजी निबंधक कार्यालयात द्या आणि गेल्या पाच वर्षांचे लेखापरीक्षण अहवाल, दोषदुरुस्ती अहवाल आणि संचालकांना व त्यांच्या नातेवाइकांना दिलेल्या कर्जांविषयीचे शेरे मागा. माझ्या अनुभवात अशा संस्थांचे लेखापरीक्षक बहुधा सर्व काही लिहून ठेवतात. बुडण्याच्या तीन-चार वर्षे आधीच ‘थकबाकी वाढत आहे, तारण अपुरे आहे’ अशी वाक्ये अहवालात असतात. ती फायलीत राहतात आणि व्यासपीठावर हार-तुरे चालू राहतात.

वर्तमानपत्राविषयी. प्रेस कौन्सिलच्या पत्रकारितेच्या आचारनियमांत स्पष्ट म्हटले आहे की जाहिरातींसह छापलेल्या सर्व मजकुराला संपादक जबाबदार असतो; जबाबदारी नाकारायची असेल तर तसे आधी छापले पाहिजे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात दिशाभूल करणारी जाहिरात छापणाऱ्यालाही दहा लाखांपर्यंत दंडाची तरतूद आहे, परंतु नेहमीच्या व्यवसायाचा भाग म्हणून जाहिरात छापली असा बचाव प्रकाशकाला मिळतो, आणि तो बहुतेक वेळा टिकतो. म्हणजे कायद्याने आपल्या हाती फार काही येणार नाही. पुरवणीतला मजकूर बातमी म्हणून छापला होता की जाहिरात म्हणून, हा मात्र तपासण्यासारखा मुद्दा आहे. ‘विश्वासाची पंचवीस वर्षे’ अशा मथळ्याखाली, वार्ताहराच्या नावाने, अध्यक्षांचे छायाचित्र मध्यभागी ठेवून आलेला लेख पैसे घेऊन छापलेला असेल तर ती पेड न्यूज आहे. त्याविषयी आधी संपादकांना लिहावे, समाधान झाले नाही तर प्रेस कौन्सिलकडे तक्रार करावी. दैनिकासाठी मजकूर छापून आल्यापासून दोन महिन्यांची मुदत आहे; आपल्या बाबतीत ती केव्हाच उलटली असेल. शिवाय कौन्सिलला ताशेरे ओढता येतात, दंड करता येत नाही.

या उत्तरात दुसऱ्यांकडे बोट दाखवताना एक कबुली द्यायला हवी. आमच्या दिवाळी अंकालाही पतसंस्थांच्या जाहिराती असतात, आणि त्या घेताना आम्ही आजवर कोणाचा लेखापरीक्षण अहवाल मागितलेला नाही.

प्रश्न (निपाणीजवळच्या खेड्यातून) : कारखान्याने ऊस नेऊन तीन महिने झाले, पहिल्या हप्त्यानंतर बिलाचा पत्ता नाही. आमदारांना विचारले की ते केंद्र सरकारचे नाव घेतात, खासदारांच्या माणसांना विचारले की ते राज्याचे. सभेत कोणी सीमाप्रश्न काढला की बिलाचा विषय बाजूला पडतो, आणि टीव्हीवरही दोन्ही भाषांत तेच. नेमका प्रश्न कोणाला करावा?

उत्तर : दर केंद्र ठरवते, वसुली राज्य करते. एवढे वाक्य पाठ केले तरी निम्मी टोलवाटोलवी थांबेल. उसाचा रास्त आणि किफायतशीर दर, ज्याला आपण सारे एफआरपी म्हणतो, तो केंद्र सरकार जाहीर करते. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे ऊस पोहोचल्यापासून चौदा दिवसांत पैसे द्यायचे असतात आणि त्यानंतरच्या प्रत्येक दिवसावर वर्षाला पंधरा टक्के दराने व्याज लागते. हे व्याज मिळालेला शेतकरी मी अजून पाहिलेला नाही, पण ते मागणारा शेतकरीही क्वचितच पाहिला आहे. कारखान्याने थकवले तर राज्याच्या अधिकाऱ्याने वसुलीचा दाखला काढायचा आणि जिल्हाधिकाऱ्यांनी जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसुली करायची, अशी रचना आहे. कारखाना ज्या राज्यात, तिथल्या कार्यालयाकडे तक्रार जाते. निपाणीकडचा ऊस कागल-हुपरीकडे गेला असेल तर अर्ज पुण्याच्या साखर आयुक्तालयात, आणि चिकोडी-रायबागकडे गेला असेल तर कर्नाटकाच्या ऊस विकास आयुक्तांकडे. एक सावधगिरी : चौदा दिवसांचा नियम ‘वेगळा लेखी करार नसेल तर’ लागू होतो. हंगामाच्या सुरुवातीला नोंदीच्या कागदांबरोबर ज्या छापील अर्जावर आपली सही घेतली जाते, त्यात हप्त्यांना संमती असल्याचे वाक्य आहे का, ते वाचून पाहा. वाचल्याशिवाय सही केली असेल तर पुढच्या हंगामात करू नका.

कारखानदारांची बाजूही समजून घेतली पाहिजे, कारण तिच्यातला काही भाग खरा आहे. साखरेचा किमान विक्री दर फेब्रुवारी २०१९ मध्ये किलोला एकतीस रुपये ठरला आणि त्यानंतर एफआरपी हंगामागून हंगाम वाढत गेली, हा दर मात्र कित्येक वर्षे तिथेच राहिला. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्राने उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर अचानक निर्बंध आणले आणि ज्यांनी त्यासाठी कर्जे काढली होती ते अडकले. हे प्रश्न खासदाराने लोकसभेत विचारण्याचे आहेत. ते त्याने विचारले की नाही, हे लोकसभेच्या संकेतस्थळावर नाव घालून दहा मिनिटांत पाहता येते. परंतु यांतले काहीही तुमचे चौदा दिवस पुढे ढकलण्याचे कारण होत नाही. आणि आपल्या जिल्ह्यात आणखी एक अडचण आहे, जी सर्वांना ठाऊक असते आणि कोणी लिहीत नाही : अनेक कारखान्यांची मालकी किंवा सूत्रे राजकीय घराण्यांकडे आहेत. विधानसभेत कारखान्याला जाब विचारायचा तो कारखानदाराने, अशी ही स्थिती. अशा वेळी पक्ष बदलून उपयोग होत नाही, कारण कारखानदार सगळ्याच पक्षांत आहेत.

सीमाप्रश्नाविषयी जपून लिहितो, कारण तो खोटा आहे असे माझे म्हणणे मुळीच नाही. १९५६ पासूनची ती जखम आहे आणि महाराष्ट्राचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. पण डिसेंबर २०२२ आठवून पाहा. महाराष्ट्राच्या मंत्र्यांचा दौरा रद्द झाला, हिरेबागेवाडीच्या टोलनाक्यावर महाराष्ट्राच्या गाड्यांवर दगडफेक झाली, महिनाअखेरीस दोन्ही विधिमंडळांनी एकमेकांविरुद्ध ठराव केले, आणि तेव्हा दोन्ही राज्यांत आणि केंद्रातही एकाच पक्षाचा सत्तेत वाटा होता. गळीत हंगाम ऐन भरात होता. त्या महिन्यात दोन्ही भाषांच्या वाहिन्यांवर उसाच्या बिलाची चर्चा किती झाली? काट्यावर उभा राहणारा कन्नड शेतकरी आणि मराठी शेतकरी यांचे बिल एकाच कारखान्यात, एकाच कारणाने अडते. वाहिनीवर मात्र ते दोघे एकमेकांसमोर उभे केले जातात.

निपाणीच्या माणसाला हे सांगायला नको खरे तर. १९८१ साली तंबाखूच्या भावासाठी याच गावाजवळ शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी पुणे-बेंगळूर महामार्ग तीन आठवड्यांहून अधिक काळ रोखून धरला आणि ६ एप्रिलला पोलिसांच्या गोळीबारात शेतकरी मारले गेले. त्या आंदोलनात मराठी आणि कन्नड अशा दोन्ही भाषा बोलणारी माणसे एकाच रस्त्यावर बसली होती. नोव्हेंबर २०१३ मध्ये बेळगावच्या सुवर्णसौधमध्ये कर्नाटक विधिमंडळाचे अधिवेशन चालू असताना बाहेर ऊसदराच्या आंदोलनात एका शेतकऱ्याने विष घेऊन प्राण सोडला. अधिवेशन बहुतेक दरवर्षी येथे भरते. आपल्या आमदाराने त्या दहा दिवसांत थकीत बिलाविषयी लेखी प्रश्न दिला का, एवढेच विचारावे आणि दिला असेल तर त्याच्या उत्तराची प्रत मागावी. तोंडी आश्वासन घेऊन परत येऊ नये.

प्रश्न (खानापूर, महाविद्यालयीन विद्यार्थिनी) : आइसलँडमध्ये बँका बुडाल्यावर तिथल्या पंतप्रधानांवर खटला झाला, श्रीलंकेत राष्ट्राध्यक्षांना पळून जावे लागले, असे वाचले. आर्थिक संकटाबद्दल राज्यकर्त्यांना खरोखर जबाबदार धरता येते का? आपल्याकडे असे का होत नाही?

उत्तर : आपण दिलेली दोन्ही उदाहरणे खरी आहेत, परंतु त्यांचा शेवट बहुतेक वेळा सांगितला जात नाही, म्हणून तो आधी सांगतो. आइसलँडच्या तीन मोठ्या बँका ऑक्टोबर २००८ मध्ये एका आठवड्याच्या आत कोसळल्या. जेमतेम सव्वातीन लाख लोकांचा तो देश. म्हणजे बेळगाव शहराहूनही लहान. हिवाळ्यात लोक संसदेसमोर जमून भांडी आणि तवे बडवू लागले आणि जानेवारी २००९ अखेर सरकार गेले. (आपणही मार्च २०२० मध्ये थाळ्या वाजवल्या होत्या, पण त्या कोणाला जाब विचारण्यासाठी नव्हत्या.) पंतप्रधान गेइर हार्डे यांच्यावर विशेष न्यायालयात खटला चालला आणि एप्रिल २०१२ मध्ये ते एका आरोपात दोषी ठरले : महत्त्वाच्या विषयांवर मंत्रिमंडळाची बैठक बोलावली नाही, हा तो आरोप. शिक्षा काहीही झाली नाही.

मला त्या खटल्यापेक्षा अहवाल महत्त्वाचा वाटतो. संसदेने एक विशेष चौकशी आयोग नेमला, त्याला बँकांची गुप्त कागदपत्रेसुद्धा पाहण्याचा अधिकार दिला आणि एप्रिल २०१० मध्ये दोन हजारांहून अधिक पानांचा अहवाल आला. तो कोण वाचणार, असा प्रश्न तिथेही पडला असावा. तेव्हा रेक्याविकच्या नगरनाट्यगृहातल्या नटांनी तो रंगमंचावर पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत, रात्रंदिवस, मोठ्याने वाचून दाखवला. आपल्या गावात सप्ताह बसतो आणि पारायण होते, अगदी तसेच, फक्त पोथीच्या जागी चौकशी अहवाल. त्या अहवालात तीन मंत्र्यांबरोबर मध्यवर्ती बँकेच्या गव्हर्नरांवरही हलगर्जीपणाचा ठपका होता. त्यांपैकी डाविड ऑड्सन हे पूर्वी पंतप्रधान होते, आणि अहवाल आला तेव्हा ते काय करत होते? देशातल्या सर्वांत जुन्या नामवंत दैनिकाचे संपादक होते. ज्यांच्यावर ठपका, त्यांच्याच वर्तमानपत्रात ठपक्याची बातमी. शिवाय संकटापूर्वीच्या वर्षांत तिथली मोठी वर्तमानपत्रे बँकांच्या मालकांच्याच हाती होती. आपण पहिल्या प्रश्नातल्या शहापूरच्या बाईंचे पत्र वाचलेत, तर रेक्याविक आणि बेळगाव यांत अंतर किती, हा प्रश्न तुम्हालाही पडेल.

श्रीलंकेने एप्रिल २०२२ मध्ये परकीय कर्जाची परतफेड थांबवली, जुलैमध्ये गोटाबाया राजपक्षे देश सोडून गेले. पुढची गोष्ट आपल्याकडे फारशी छापली गेली नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक अशा बहुमताने निर्णय दिला की राजपक्षे बंधू आणि मध्यवर्ती बँकेचे माजी गव्हर्नर यांच्यासह काही जण या आर्थिक संकटाला जबाबदार आहेत आणि त्यांनी जनतेच्या विश्वासाचा भंग केला. नुकसानभरपाई नाही, तुरुंग नाही. अर्जदारांना खटल्याचा खर्च तेवढा द्यायचा. काहींना हे हास्यास्पद वाटले. मला तसे वाटत नाही. करकपात कोणी ठरवली, इशारे कोणी दुर्लक्षिले, हे नावानिशी न्यायालयाच्या कागदावर आले, आणि पुढच्या निवडणुकीत कोणालाही ‘हे सारे कोरोनामुळे झाले’ असे म्हणून सुटता आले नाही.

आपल्याकडे का होत नाही, या प्रश्नाला माझे उत्तर थोडे कडू आहे. आपल्याकडे उत्तर येते, पण उशिरा, आणि तोवर आपण दुसऱ्या भांडणात असतो. नोटाबंदी घ्या. ८ नोव्हेंबर २०१६ ला चलनातल्या किमतीच्या मानाने शहाऐंशी टक्के नोटा रद्द झाल्या. आठवड्याच्या आत जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकांना जुन्या नोटा घेण्यास मनाई झाली आणि आपल्या तालुक्यांतला शेतकरी, ज्याचे खाते तिथेच होते, तो मोकळ्या हाताने उभा राहिला. परत किती नोटा आल्या, हे रिझर्व्ह बँकेच्या ऑगस्ट २०१८ च्या वार्षिक अहवालात कळले : ९९.३ टक्के. नोटा रद्द झाल्या त्या दिवशीच रिझर्व्ह बँकेच्या संचालक मंडळाच्या बैठकीत, बहुतेक काळा पैसा रोखीत नसून सोने आणि जमीनजुमल्यात असतो असे म्हटले गेले होते, हे कळायला माहिती अधिकाराचा अर्ज आणि मार्च २०१९ उजाडावा लागला. जानेवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक मतांनी निर्णय वैध ठरवला. यातला कोणताही कागद गुप्त राहिलेला नाही. पण तो येईपर्यंत किती मथळे होऊन गेले! त्याच २०१९ मध्ये बेकारीच्या सरकारी पाहणीचा अहवाल अडवला म्हणून राष्ट्रीय सांख्यिकी आयोगाच्या दोन सदस्यांनी राजीनामे दिले, एका दैनिकाने त्यातला ६.१ टक्क्यांचा आकडा फोडला, आणि सरकारने तोच आकडा निवडणूक संपल्यावर, ३१ मे रोजी, अधिकृतपणे जाहीर केला. खटल्याचा विचार नंतर करू. आकडा वेळेवर मिळणे हीच आपल्याकडे अजून लढाई आहे.

प्रश्न (येळ्ळूर) : मराठीत दिलेला अर्ज सरकारी कार्यालयात घेत नाहीत. नियम काय आहे?

उत्तर : अर्ज कसला, यावर ते आहे. गाऱ्हाणे असेल, म्हणजे रेशन मिळाले नाही, ठेव बुडाली, नुकसानभरपाई अडली, तर संविधानाच्या अनुच्छेद ३५० प्रमाणे केंद्रात किंवा राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत ते देण्याचा आपला हक्क आहे आणि मराठीत आहे म्हणून ते नाकारता येत नाही. अनुच्छेदाचा क्रमांक अर्जावरच लिहावा आणि टपालाने, पोचपावतीसह पाठवावा. काउंटरवर वाद घालण्यात दुपार जाते. माहिती अधिकाराचा अर्ज मात्र कलम ६ प्रमाणे इंग्रजी, हिंदी किंवा त्या भागाच्या राजभाषेत, म्हणजे येथे कन्नडमध्ये द्यावा लागतो. कर्नाटकाच्या नियमाप्रमाणे एका अर्जात एकच विषय आणि दीडशे शब्दांची मर्यादा, शुल्क दहा रुपये. आपला अर्ज कन्नडमध्ये लिहून देणारा शेजारी बहुतेक गल्लीत असतोच. त्याच्याकडून लिहून घेण्यात मला कमीपणा वाटत नाही. तीस दिवसांत उत्तर आले तर ते दोघांच्याही उपयोगाचे असते.

प्रश्न (एक ग्रामीण वार्ताहर, गाव छापू नये) : आमच्या तालुक्यातली एक सोसायटी अडचणीत आहे, हे मला आठ महिन्यांपासून माहीत आहे. बातमी दिली तर लोक गर्दी करतील आणि संस्था त्याच दिवशी बुडेल, असे कार्यालयातून सांगितले जाते. मला मानधन नाममात्र मिळते, जाहिरातीवरचे कमिशन हीच कमाई, आणि त्या सोसायटीची जाहिरात माझ्याच मार्फत येते. मी काय करावे?

उत्तर : आपल्या पत्रातला प्रामाणिकपणा पाहून उत्तर सोपे करून सांगण्याची इच्छा होत नाही. कार्यालयातून जी भीती सांगितली जाते ती निव्वळ सबब नाही. सप्टेंबर २००७ मध्ये नॉर्दर्न रॉक या ब्रिटिश बँकेने मध्यवर्ती बँकेकडे मदत मागितल्याची बातमी बीबीसीच्या वार्ताहराने दिली, आणि दुसऱ्या दिवशी बँकेच्या शाखांसमोर रांगा लागल्या; ब्रिटनमध्ये शंभरहून अधिक वर्षांत असे घडले नव्हते. पुढे संसदेच्या समितीने पत्रकारांनाच बोलावून विचारले की संकट तुम्ही वाढवले का. हा प्रश्न विचारण्यासारखा होताच. पण बँकेने मदत मागितली होती ती बातमी येण्यापूर्वी. दुखणे आधीचे होते.

उलट बाजूचे उदाहरण आपल्याच देशातले आहे. १९९१ च्या उन्हाळ्यात परकीय गंगाजळी इतकी आटली की रिझर्व्ह बँकेने जुलैमध्ये सुमारे ४७ टन सोने विमानाने बँक ऑफ इंग्लंडकडे तारण म्हणून पाठवले. सरकारने हे लोकांना सांगितले नव्हते. इंडियन एक्स्प्रेसच्या बातमीने देशाला कळले. लोकांना धक्का बसला, राग आला, पण देश बुडाला नाही. परिस्थिती किती बिकट आहे हे कळल्यामुळेच पुढच्या कडू निर्णयांची चर्चा तरी उघड्यावर होऊ शकली.

आपल्या सोसायटीच्या बाबतीत मी असा विचार करीन. बातमी दडवल्यामुळे कोणाचे पैसे वाचत आहेत? संचालक, त्यांचे नातेवाईक आणि ज्यांना आतली खबर आहे असे मोठे ठेवीदार या आठ महिन्यांत आपली रक्कम काढून घेत असतील. आत अजून नवी पिग्मी जमा होत असेल तर ती भाजीवाल्यांची आणि रिक्षावाल्यांची आहे. म्हणजे गर्दी होऊ नये म्हणून पाळलेले मौन हे शेवटी रांगेत उभ्या राहणाऱ्या माणसाच्या खर्चाने पाळलेले असते. ही गोष्ट मला मान्य होत नाही.

म्हणून अफवा लिहू नका, कागद लिहा. निबंधकाने चौकशीचा आदेश काढला असेल, लेखापरीक्षणात शेरा असेल, ठेवीदाराने तक्रार केली असेल, तर त्या कागदाची तारीख आणि क्रमांक देऊन तेवढेच छापा. ‘संस्था बुडाली’ असे वाक्य लिहू नका, ते आपले काम नव्हे. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ खाली बदनामीचा खटला होऊ शकतो. सत्य आणि सार्वजनिक हित हा त्यातला पहिला अपवाद आहे, आणि तो सिद्ध करायला कागदच उपयोगी पडतो. बातमी कार्यालयाने अडवली तर आपण ती पाठवल्याची नोंद, दिनांकासह, स्वतःजवळ ठेवा. आणि त्या सोसायटीची जाहिरात आपल्या मार्फत घेणे आता थांबवा; याने महिन्याला काही हजार रुपये जातील हे मला कळते, आणि ते आपल्या घरातून जातील, माझ्या नव्हे, हेही कळते. पण एका हाताने जाहिरात आणि दुसऱ्याने बातमी, असे फार दिवस जमत नाही.

बातमी पाठवण्यापूर्वी अध्यक्षांना आपले प्रश्न लेखी द्या, उत्तरासाठी दोन दिवस द्या. उत्तर आले तर ते पूर्ण छापा, कितीही लांब असले तरी. आले नाही तर प्रश्न कोणत्या तारखेला, किती वाजता आणि कोणाच्या हाती दिले, एवढे बातमीच्या शेवटी लिहा.